एका व्हिसावर एकच बॉलर

ओमानला जाऊन आलो म्हटलं की लोक आधी उंटांबद्दल विचारतात. उंट पाहिले. निझव्याच्या रस्त्यावर, पिकअपच्या हौद्यात गुडघे मोडून बसलेले. चेहऱ्यावर अगदी आमच्या प्राचार्यांसारखा भाव. पण मी उंट पाहायला गेलो नव्हतो. मी तिकडे एक बॉलर खपवायला गेलो होतो.

एकतीस वर्षं मी मुंबईच्या उत्तर टोकाला असलेल्या एका कॉलेजात जिमखाना सांभाळला. मुलं मला सर म्हणत आणि प्राध्यापक मंडळी पाठीमागे पीटी मास्तर. माझ्या काळात कॉलेजने आंतरमहाविद्यालयीन क्रिकेटची ढाल पाच वेळा जिंकली. त्यातल्या तीन ढाली आल्विन तुस्कानो या एका मुलाने मिळवून दिल्या. तो वसईच्या वाडीतला. फास्ट बॉलर. त्या वेळी एका मराठी पेपराने त्याला ‘वसईचं वादळ’ म्हटलं होतं. ते कात्रण अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. हाच आल्विन पुढे ओमानमधल्या एका कंपनीत नोकरीला लागला. कंपनी नळ आणि टाइल्स विकणारी. पण तिकडे मोठ्या कंपन्या आपापली क्रिकेट टीम ठेवतात. कागदावर स्टोअरकीपर, सेल्समन आणि शुक्रवारी बॉलर, ओपनर असा प्रकार.

दोन हजार दोनच्या दिवाळीत त्या कंपनीचे मॅनेजर कुरियन यांचं पत्र आलं. त्यांना एक नवा फास्ट बॉलर हवा होता. माझ्याकडे तेव्हा नीलेश साळवी होता, नालासोपाऱ्याचा, वडील रिक्षा चालवणारे. पेपरवाल्यांनी त्याला ‘दुसरं वादळ’ करून टाकलं होतं. कुरियन यांनी लिहिलं, या, मुलाची व्हिडिओ कॅसेट घेऊन या, ओमान पाहा, तिकीट आमचं. नवा बॉलर नेमका कशासाठी हवा आहे, हे मी विचारलं नाही. जानेवारीत विमानात बसलो.

सीब

मस्कतच्या सीब विमानतळावर सामान तपासणारा तरुण फार सभ्य होता. माझ्या बॅगेत बायकोने आल्विनसाठी दिलेली कैरीच्या लोणच्याची बरणी फुटली होती आणि तेल माझ्या दोन्ही पांढऱ्या शर्टांतून आरपार गेलं होतं. त्याने ते शर्ट नाक न मुरडता घडी घालून परत ठेवले. कॅसेट मात्र काढून घेतली. बाहेरून आलेली प्रत्येक कॅसेट तिथे सरकारी कचेरीत बघितली जाते, काही वावगं नाही ना ते पाहायला. मी सांगितलं, त्यात फक्त क्रिकेट आहे. तो म्हणाला, “क्रिकेट, ओके. इन्शाल्ला, चार दिवस.” आणि पावती दिली. आपल्याकडे दोन मिनिटं हुज्जत घालून विषय मिटला असता. इथे हुज्जत घालायला समोरच्याचा चेहराच तसा नव्हता.

बाहेर आल्विन उभा होता. नऊ वर्षांनी पाहत होतो. अंगाने भरला होता, कानाजवळ पांढरं झालं होतं, आणि त्याला अजून तिशीही पुरती लागली नव्हती. मॅचच्या आधी प्रत्येक मुलाने माझ्या पाया पडायचं, हा माझ्या जिमखान्याचा नियम होता. धर्म कुठलाही असो. आल्विनने विमानतळावरही तो पाळला. पण तो कमरेतून वाकला नाही. पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत बसला, पायाला हात लावला आणि गाडीच्या दाराला धरून उठला. मला ते थोडं नाटकी वाटलं.

बरका

मस्कतच्या पश्चिमेला समुद्राला लागून बरका आहे. खजुराच्या बागा, लिंबाच्या बागा, आणि हमरस्त्याला लागून कंपन्यांची गोदामं. आल्विन त्यातल्याच एका गोदामाचा स्टोअरकीपर. दुकानांच्या ओळीवर वरच्या मजल्यावर त्याच्या दोन खोल्या होत्या. बायको फ्लेवी, तीही वसईचीच, एका खासगी दवाखान्यात नर्स. मुलगी मेलिसा, सहा वर्षांची. नवरा-बायको आपसांत आपल्या वाडीतली बोली बोलत, ती मला निम्मी कळे. मेलिसा इंग्रजीत बोले आणि माझ्याशी बोलायचं म्हणून मराठी शब्द शोधत बसे. पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, “तुम्ही पप्पाला... बॉल कसा फेकतात ते... लर्न केलं?” मी हो म्हणालो. फ्लेवीने माझ्या ताटात आणखी एक फुगा, त्यांच्याकडचा तळलेला गोल पाव, वाढला.

जेवण उत्तम होतं. वसईहून आलेल्या बाटली मसाल्यातलं चिकन, गोलमटोल फुगे, आणि सकाळी बाजारातून आणलेली सुरमई. तो बाजार मी दुसऱ्या दिवशी पाहिला. वसईच्या मासळी बाजारात बायकांचं राज्य असतं. इथे विकणारे पुरुष, घेणारे पुरुष, मासे साफ करणारेही पुरुष. आवाज असा नाहीच. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. एका म्हाताऱ्या कोळ्याने मला हाताने बोलावून खजूर दिला, माझं नाव विचारलं आणि माझी किती मुलं क्रिकेट खेळतात हेही विचारलं. आल्विनने सांगून ठेवलं होतं म्हणे, माझे सर येणार आहेत. गोदामातल्या पठाण ड्रायव्हरपासून खालच्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांना त्याने ते सांगून ठेवलं होतं.

त्या दोन दिवसांत मी फार खूश होतो. माझा मुलगा परदेशात स्थिरावला, घरसंसार मांडून बसला, यात माझाही वाटा आहे असं मी स्वतःला सांगत होतो. तो वाटा काय होता, तो इथेच सांगून टाकतो.

आल्विनला मी सतराव्या वर्षी वाडीतल्या टेनिसबॉलच्या स्पर्धेतून उचलला. खेळाडूंच्या कोट्यातून प्रवेश दिला, हजेरी मी सांभाळली, रोज दोन अंडी आणि अर्धा लिटर दूध जिमखान्यातून सुरू केलं. आमच्या मैदानावर खेळपट्टी म्हणजे काथ्याचं मॅटिंग होतं. मॅटिंगवर आखूड टप्प्याचा बॉल छातीशी येतो, आणि कॉलेजच्या पोरांना छातीशी आलेला बॉल खेळता येत नाही. तेवढं एकच मी त्याला शिकवलं. आखूड टाक, जोरात टाक, मी थांब म्हणेपर्यंत टाक. तीन वर्षं त्याने तेच केलं. स्विंग शिकवला नाही, बॅटिंग दिली नाही, नेटमध्ये कधी टर्फवर, म्हणजे गवताच्या खेळपट्टीवर, नेलं नाही. गरजच पडली नाही. आम्ही जिंकत होतो.

वादी कबीर

तिकडे सुट्टी गुरुवार-शुक्रवारची. शुक्रवारी सकाळी आल्विनच्या कंपनीची मॅच होती मस्कतजवळ वादी कबीरला. मैदान म्हणजे डोंगरांच्या कुशीतला तपकिरी खडीचा सपाट तुकडा. गवताची काडी नाही. मध्ये सिमेंटची पट्टी, तिच्यावर हिरवी मॅट खिळे मारून ताणलेली. बॉल अडवायला कुणी डाइव्ह मारत नाही, मारली तर चामडी तिथेच राहील. तरी पाच-सहाशे माणसं दगडांवर बसली होती. केरळी, गुजराती, पाकिस्तानी, बंगाली. एका कोपऱ्यात रत्नागिरीकडचे चार-पाच जण पातेल्यात पोहे घेऊन बसले होते, त्यांनी मला जागा दिली.

आल्विनने बॉल हातात घेतला तेव्हा मी पुढे सरकून बसलो. पंचवीस पावलांचा तो धडधडता रनअप पाहायचा होता. आल्विन अकरा पावलं मागे गेला. सरळ रेषेत, हलक्या पायांनी धावत आला. डावा खांदा फलंदाजाकडे, दोन्ही पाय त्याच रेषेत. बॉल शेवटच्या क्षणी बाहेर वळला आणि बॅटची कड घेऊन कीपरकडे गेला. पहिल्या तीन ओव्हरांत दोन बळी. वेग माझ्या वेळच्या निम्माही नव्हता. पण हा मुलगा बॉलिंग करत होता. माझ्याकडे असताना तो नुसता बॉल फेकत होता, हे मला तिथे, पोह्यांचा घास हातात असताना दिसलं.

चहाच्या वेळी त्याने मला अंपायर बशीरभाईंकडे नेलं. सियालकोटचे, पन्नाशी उलटलेले, मस्कतच्या रूवी भागातल्या एका गॅरेजमध्ये फोरमन. आल्विन म्हणाला, ही अॅक्शन यांनी बसवून दिली. मी बशीरभाईंना विचारलं, किती दिवस लागले? ते म्हणाले, “सहा शुक्रवार. लडका समझदार है, किसी ने बताया ही नहीं था.” मग सौजन्याने मला विचारलं, आपणही खेळाशी संबंधित आहात का? मी म्हणालो, थोडाफार. आल्विन दुसरीकडे पाहत होता.

मॅच संपल्यावर कुरियन मला बाजूला घेऊन गेले. माणूस वाईट नाही. मला त्यांनी स्वतःच्या हाताने थंड पाणी आणून दिलं. म्हणाले, कॅसेट सुटली की पाहू, पण तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे. आल्विन चांगला आहे, पण तो आता ओव्हर मोजून टाकतो, लांबच्या मॅच टाळतो. अर्बाबला, म्हणजे मालकाला, स्टंप उडालेले बघायला आवडतात. मी विचारलं, मग नीलेश आला तर आल्विनचं काय? कुरियन म्हणाले, “सर, एका व्हिसावर एकच बॉलर. ऑगस्टमध्ये त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपतं.” आल्विनला हे ठाऊक आहे का, हेही मी विचारलं. ते म्हणाले, त्यालाच तर तुमचा पत्ता विचारला.

निझव्याच्या वाटेवर

रविवारी आल्विनला निझव्याच्या एका दुकानदाराकडे माल पोचवायचा होता. मला किल्ला आणि बाजार दाखवायचा म्हणून त्याने बरोबर घेतलं. रस्ता डोंगरांमधून जातो. डोंगर म्हणजे नुसता दगड, कातळाचे थर तिरके उभे राहिलेले, जणू कुणी वह्या रचता रचता पाडून दिल्या. आपल्याकडे उघडा डोंगरही पावसाळ्यात चार महिने हिरवा होतो, इथले डोंगर तेवढीही आशा ठेवत नाहीत. आणि मधूनच एखाद्या वळणावर खजुराची दाट झाडी, मातीची घरं, पाटातून वाहणारं स्वच्छ पाणी.

तासाभराने आल्विनने गाडी बाभळीसारख्या एका झाडाखाली थांबवली. मागून प्लास्टिकची चटई काढली, जमिनीवर अंथरली आणि तिच्यावर उताणा झोपला, गुडघे मुडपून. म्हणाला, दर तासाला दहा मिनिटं असं पडावं लागतं, नाहीतर पाय बधिर होतो. मी दगडावर बसलो. विमानतळावर तो वाकला का नाही, ते मला आता कळलं.

झोपल्या झोपल्या, आभाळाकडे बघत, त्याने मला राज्याच्या निवड शिबिराची हकिकत सांगितली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी, तिसऱ्या ढालीनंतर, त्याची तिथे निवड झाली होती आणि आठवड्याच्या आत तो परत आला होता. मला एवढंच माहीत होतं. तो सांगत होता, तिथे टर्फ होतं, आखूड बॉल नुसता बसायचा. प्रशिक्षकांनी आउटस्विंगर टाकायला सांगितला, तर शिवण कुठल्या बाजूला धरायची तेच याला येईना. मग त्यांनी विचारलं, पहिल्या स्पेलनंतर तुझा काय विचार असतो? “मी म्हणालो, पहिला स्पेल संपतच नाही. सर थांब म्हणेपर्यंत टाकतो. सगळे हसले, सर. मला वाटलं मी काहीतरी चांगलं बोललो.”

चौथ्या दिवशी नेटमध्ये पाठीत काहीतरी तुटल्यासारखं झालं. मणक्याला चीर गेली होती. सहा महिने तो वाडीत आईच्या घरी फळीवर पडून होता.

मग म्हणाला, बशीरभाई सांगतात, माझी जुनी अॅक्शनच उलटी होती. पाय फलंदाजाकडे तोंड करून आणि खांदे आडवे. प्रत्येक बॉलला कमरेला पीळ. “सर, तुम्हाला तेव्हा हे दिसलं होतं का?”

मी म्हणालो, “त्या काळी एवढं शास्त्र कुठे ठाऊक होतं, आल्विन.”

हे खोटं होतं. तो दुसऱ्या वर्षाला असताना पाठ दुखते म्हणाला, तेव्हा मी त्याला एका ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी मला एकट्याला आत बोलावून नेमकं हेच सांगितलं होतं. दोन महिने विश्रांती द्या आणि मग अॅक्शन पहिल्यापासून बसवा, नाहीतर पोराची पाठ जाईल. स्पर्धा सहा आठवड्यांवर होती. मी आल्विनला सांगितलं, डॉक्टर म्हणतात, स्नायू आखडलाय. त्या वर्षीची आणि पुढच्या वर्षीची फायनल तो पाठीत इंजेक्शन घेऊन खेळला. दोन्ही वेळा दवाखान्यात त्याच्याबरोबर मीच होतो. तो फळीवर पडला तेव्हा मात्र कॉलेजात परीक्षा चालू होत्या, मग सुट्टी लागली, मग नवे प्रवेश सुरू झाले.

आल्विनने माझं उत्तर ऐकून घेतलं. “हो, ते पण खरंच,” म्हणाला, कुशीवर वळून उठला आणि चटई गुंडाळली. निझव्याच्या बाजारात त्याने मला चांदीच्या मुठीचे खंजीर दाखवले, हलव्याच्या दुकानात नेलं. दुकानदाराने कढईतला गरम हलवा वाडग्यात घालून पुढे केला. केशर, वेलची, गुलाबपाणी, तूप. आपल्याकडच्या हलव्याहून चिकट, बोटांना चिकटून राहणारा. एक डबा आल्विनने माझ्या बायकोसाठी घेतला. मला नको म्हणता आलं नाही.

पुन्हा बरका

मंगळवारी कॅसेट सुटली. आल्विनच अर्धी रजा टाकून पावती घेऊन गेला आणि शिक्का मारलेली कॅसेट घेऊन आला. संध्याकाळी जेवणाआधी आम्ही ती लावली. फ्लेवी स्वयंपाकघराच्या दारात, मेलिसा बापाच्या मांडीजवळ.

पडद्यावर नीलेश धावत आला. फलंदाजाच्या हातातली बॅट उडाली. पुढच्या बॉलला ऑफ स्टंप. कॅमेरा धरणाऱ्या पोराचा आरडाओरडा. मी आल्विनच्या चेहऱ्याकडे पाहिलं, कौतुकाची वाट बघत. बोलली ती मेलिसा. “पप्पा, हा पण तसाच... वळतो. तुझ्या फोटोसारखा.” भिंतीवर आल्विनचा कॉलेजमधला फोटो होता, बॉल सोडण्याच्या क्षणाचा. मी काढून घेतलेला.

आल्विनने कॅसेट मागे नेली आणि चित्र थांबवलं. पाय समोर, खांदे आडवे. मला ते काही नवीन नव्हतं.

“याची पाठ दुखते का?” त्याने विचारलं.

“अधूनमधून. वयच आहे, स्नायू आखडतात.”

“सर, याला आत्ता पाठवू नका. वर्षभर याच्या हातात मॅचचा बॉल देऊ नका. आधी अॅक्शन बदला.”

“पुढच्या महिन्यात फायनल आहे, आल्विन.”

“माझीही होती.” तो शांतपणे म्हणाला. मग रिमोट खाली ठेवून, “तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं, ठीक आहे. आता मी सांगितलंय.”

जेवण झालं. मी माझ्या खोलीत गेलो आणि जे मनात आलं, तेही इथे लिहून ठेवतो. मला वाटलं, हा आपली नोकरी वाचवायला बघतोय. याचा व्हिसा त्या पोराकडे जाणार, म्हणून याला त्या पोराची पाठ आठवली. ज्याने आठवडाभर मला घरात ठेवून घेतलं, माझ्यासाठी रजा टाकली, त्याच्याबद्दल मी हा विचार केला आणि त्या विचाराने मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सही करायला माझा हात मोकळा झाला.

सूर

मालक सूरला राहतात. कुरियन मला गाडीने घेऊन गेले, डोंगरातून आणि मग वाळूच्या कडेने चार तास. सूर म्हणजे जुनं बंदर. खाडीच्या काठावर लाकडी गलबतं अजून बांधतात. एक अर्धं बांधलेलं गलबत पाहिलं, फासळ्या उघड्या. खाली कच्छकडचा एक सुतार करवत चालवत होता. किती दिवस लागतात विचारलं, तर म्हणाला, घाई करणाऱ्यांची ऑर्डर आम्ही घेत नाही.

मालक वयस्क, मृदू बोलणारे. गालिच्यावर बसवून त्यांनी कावा आणि खजूर दिले. कावा म्हणजे बिनदुधाची, वेलची घातलेली कडू कॉफी, बोटभर पेल्यात. मी पेला रिकामा केला की लगेच भरला जाई. नको म्हणावं तर अपमान होईल अशी भीती. आठव्या पेल्याला कुरियन माझ्या कानात म्हणाले, पेला हलवून परत द्यायचा असतो, म्हणजे पुरे. मालक दिलखुलास हसले, मीही हसलो. मग टीव्हीवर कॅसेट लावली. नीलेशने ऑफ स्टंप उडवला तेव्हा त्यांनी टाळी वाजवली आणि माझ्याकडे बघून विचारलं, मुलगा पूर्ण तंदुरुस्त आहे ना? कुरियन यांनी कागद पुढे केला. त्यावर माझं नाव, माझा हुद्दा आणि खाली एक ओळ होती: खेळाडू निरोगी असून व्यावसायिक क्रिकेटसाठी तयार आहे. मी सही केली.

परत

विमानतळावर सोडायला आल्विनच आला. त्याला सगळं कळलं होतं. निघताना फ्लेवी जिना उतरून खाली आली नाही. दारात उभी राहून, मला समजावं म्हणून सावकाश, एकेक शब्द उच्चारून म्हणाली, “सर, तो फळीवर होता तेव्हा मी त्याला ओळखतही नव्हते. त्याची आई सांगते, रोज संध्याकाळी विचारायचा, सर येऊन गेले का.” आणि तिने दार लावलं नाही. मी जिना उतरेपर्यंत ती तशीच उभी होती.

गाडीत आल्विन हवेबद्दल बोलला, मेलिसाच्या शाळेबद्दल बोलला. सामान काट्यावर ठेवून दिल्यावर म्हणाला, “नीलेशला सांगा, आल्यावर माझ्याकडेच उतरायचं. ऑगस्टपर्यंत खोली आहे.” पाया पडायला तो वाकू लागला. मी त्याचा दंड धरला. एवढीच एक गोष्ट त्या बारा दिवसांत मी वेळेवर केली.

इकडे फेब्रुवारीत आम्ही फायनल जिंकलो. नीलेशकडून मी सलग चौदा ओव्हर टाकून घेतल्या. पेपरात फोटो आला, त्यात मीही आहे. जूनमध्ये तो तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर ओमानला गेला आणि आल्विनकडेच उतरला. ऑगस्टअखेर आल्विन, फ्लेवी आणि मेलिसा वसईला परत आले. हे मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. वाडीत त्याने भावाबरोबर केळीची बाग सांभाळायला घेतली आहे म्हणतात. माझ्या घरापासून ती जागा तासाभराच्या अंतरावर आहे.

डिसेंबरात कुरियन यांचा फोन आला. थंड पाणी आणून देणारा तो माणूस आता आवाजात उरला नव्हता. म्हणाले, कॅसेटमधला मुलगा कुठे आहे? हा बारा पावलांवरून येतो, सरळ टाकतो, स्टंप उडत नाहीत, अर्बाब विचारतात. तुम्ही लिहून दिलं होतं. कॉलेजचं नाव, माझं नाव, पुढच्या मुलांचे बंद होणारे रस्ते, सगळं त्यांनी मला ऐकवलं.

मी नीलेशला आयएसडी लावला. आधी खुशाली विचारली. तो म्हणाला, सगळं छान आहे, सर, पाठ अजिबात दुखत नाही. मग मी म्हणालो, “नीलेश, ते नवीन सगळं सोड. तू तुझ्या जुन्या रनअपने टाक. पहिल्यासारखा. निदान ही लीग संपेपर्यंत.”

तिकडे त्याने दार लावून घेतल्याचा आवाज आला.

“सर, आल्विनदादा जाताना म्हणाले होते, तुमचा असा फोन येईल.”

“आणखी काय म्हणाला?”

“म्हणाले, सरांशी उद्धट बोलू नकोस. सगळं नीट ऐकून घे. आणि मग फोन ठेवून दे.”

त्याने तसंच केलं.